युक्ती तपासली आहे

ज्या दिवशी संपादकांनी बाहेर उभं राहून आपल्याच खोलीला आतून कडी लावली, त्या दिवशी त्यांच्या अंगात फक्त बनियन आणि पायजमा होता. हे आधीच सांगून टाकलेलं बरं. पुढे माणसं जमली, हवालदार आले, मालक आले, आणि या सगळ्यांपुढे संपादकांना तत्त्वाच्या गोष्टी बोलाव्या लागल्या. त्या बोलताना त्यांच्या मनात सारखं एकच येत होतं, की तत्त्वाला निदान बाह्या तरी असाव्यात.

संपादक म्हणजे ‘मागावर’ या मासिकाचे संपादक. रहस्यकथांचं मासिक. एकेचाळीस वर्षं चाललेलं, अलीकडे जरा रांगणारं. चारशे त्र्याण्णवावा अंक तयार होत होता. या मासिकाची सगळी मातब्बरी एका ओळीत होती. प्रत्येक कथेच्या शेवटी बारीक टाइपात छापलेलं असे : ‘युक्ती तपासली आहे.’ हा दंडक थोरल्या मालकांनी पहिल्या अंकापासून घातलेला. खुनी गच्चीवरून दोर टाकून उतरला असेल, तर संपादकाने आधी स्वतः उतरून पाहायचं. जमलं तर कथा छापायची, नाही तर साभार परत. थोरले मालक जाऊन बरीच वर्षं झाली. ती ओळ कोणी वाचतं की नाही, याचीही संपादकांना खात्री नव्हती. एकदा ती चुकून दोन महिने छापायची राहून गेली, तर एकही पत्र आलं नाही. संपादकांचं वजन मात्र त्या दोन महिन्यांत अडीच किलोने उतरलं.

तपासण्याच्या पायी त्यांनी काय काय केलं, ते सगळं सांगत बसलो तर दार राहून जाईल. तरी एकदोन गोष्टी सांगतोच. ते एकदा सहा तास पेटीत बसले होते, आणि काकू त्या पेटीवर बसून मटार सोलत होत्या. काकू म्हणजे त्यांच्या पत्नी. इमारतीत सगळे त्यांना काकूच म्हणत, तेव्हा आपणही म्हणू. माणसाच्या वजनाखाली बर्फाची लादी वितळायला किती वेळ लागतो, हे त्यांनी तिच्यावर उभं राहून पाहिलं आणि पुढे आठ दिवस शिंकत प्रूफं वाचली. दोरावरून उतरताना ते खालच्या घरच्या गॅलरीत नको त्या वेळी पोचले; त्या घराशी तेव्हापासून बोलणं नाही. विषाच्या कथा तेवढ्या ते औषधांच्या दुकानदाराला दाखवत. तत्त्वालाही कुठेतरी कुंपण असावं, असं त्यांचं मत होतं. किंवा ती भीतीही असेल. मत आणि भीती यांतला फरक त्यांना स्वतःलाही नीटसा कधी कळला नाही.

आता मालक होते थोरल्या मालकांचे नातू. वय पस्तिशीचं. संपादकांना ते लहानपणापासून काका म्हणत आणि काकांचं ऐकायचं नसतं, हेही लहानपणापासूनच शिकलेले. त्यांनी आदल्या दिवशीच फोन करून सांगितलं होतं :

“काका, गेल्या वर्षी चार अंक उशिरा निघाले. का? तर तुम्ही पेटीत बसला होता. उद्या दुपारी चारला छापखान्यात शेवटची पानं पाहिजेत. नाही आली, तर हा शेवटचा अंक समजा. मी फोनवर ऐकायच्या गोष्टी काढणार आहे. तीन-तीन मिनिटांच्या.”

“तीन मिनिटांत खून होईल,” संपादक चाचरत म्हणाले, “पण उकल?”

“ती दुसऱ्या भागात.”

संपादकांना रात्रभर त्या दुसऱ्या भागाचा विचार छळत राहिला.

राहिलेली कथा एकच होती, पण अंकातली सगळ्यात चांगली. लिहिणाऱ्या बाईंनी पस्तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं होतं आणि निवृत्त झाल्यावर खून करायला घेतले होते. पुस्तकांनी भरलेल्या खोलीत एक म्हातारा मरून पडलेला, दाराला आतून आडवी कडी, खिडकी बंद, आणि खुनी बाहेर. कडी लागते ती दोऱ्याने. यापुढे मला सांगता येणार नाही. संपादकांनी त्या दिवशी जे पोलिसांना सांगितलं नाही, ते मी कोण सांगणारा.

सकाळी दहाला संपादकांनी काकूंच्या शिवणाच्या डब्यातून दोरा घेतला. सदऱ्याची बाही दोऱ्यात अडकायला लागली म्हणून सदरा काढून खुर्चीवर टाकला. चष्मा टेबलावर ठेवला, कारण खुन्याला चष्मा नव्हता आणि तपासणी प्रामाणिक हवी. प्रूफंही टेबलावर राहिली. त्यांवर संपादकांच्या हातच्या सत्तावीस दुरुस्त्या होत्या आणि त्यांची दुसरी प्रत जगात कुठेच नव्हती. मग कथेत सांगितल्याप्रमाणे दोरा गुंडाळून ते बाहेर आले, दार ओढून घेतलं आणि दोरा हलक्या हाताने खेचला.

आत ‘खट्’ असा आवाज झाला. दोरा सुटून हातात आला. संपादकांनी दार ढकललं. दार हललं नाही.

“जमलं,” ते म्हणाले.

“अहो, कोणाशी बोलताय?” काकू स्वयंपाकघरातून हात पुसत आल्या.

“दार आतून बंद झालं.”

काकूंनी दाराकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. “आणि तुम्ही बाहेर.”

“तेच तर.”

“बरं. झालं ना मनासारखं? मग उघडा आता.”

इथे संपादकांचा चेहरा उतरला. कथा त्यांना तोंडपाठ होती. खुनी दार लावतो, जिना उतरतो आणि चौकातून टॅक्सी पकडतो. तो परत आत जात नाही. त्याला आत काही काम नसतं. त्याचा सदरा आत नसतो, चष्मा आत नसतो, फोन आत नसतो, आणि मुख्य म्हणजे त्याची प्रूफं आत नसतात. आजवर असंख्य खुनी या मासिकातून बंद खोलीबाहेर पडले होते, पण परत आत कसं जायचं, याचा विचार एकाही लेखकाने केला नव्हता आणि एकाही संपादकाने तसं विचारलं नव्हतं.

खिडकीतून जावं, तर तिच्यासमोर जुन्या अंकांचे गठ्ठे छतापर्यंत रचलेले.

“सुताराला बोलवा,” काकू म्हणाल्या, “आणि आधी अंगात काहीतरी घाला.” पण संपादकांचे सगळे कपडे त्याच खोलीतल्या कपाटात. शेवटी परगावी असलेल्या मुलाचा फुटबॉलची जुनी, बिनबाह्यांची जर्सी माळ्यावर सापडली. निळीशार, पाठीवर नऊ आकडा. ती घातल्यावर संपादक आरशासमोर गेले नाहीत, हे बरंच झालं.

सुतार काकूंच्या फोनवरून ‘दहा मिनिटांत येतो’ म्हणाला आणि एक वाजता आला. त्याच्या मागोमाग इमारतीचे सेक्रेटरी आले. सेक्रेटरींना हत्यारांच्या पिशवीचा आवाज तीन मजल्यांवरून ऐकू येतो.

“ठोकाठोक?” त्यांनी विचारलं.

“दार फोडायचंय,” संपादक म्हणाले.

“एक ते चार ठोकाठोक बंद. फलक तुमच्याच हस्ताक्षरात आहे.”

ते खरं होतं. चार वर्षांपूर्वी संपादकांनीच शुद्ध मराठीत तो फलक लिहून दिला होता आणि ‘कोणत्याही सबबीवर’ हे शब्द स्वतःहून घातले होते.

“पण माझी पानं चारला छापखान्यात हवीत.”

“आणीबाणी असेल तर नियम लागत नाही. थांबा, अग्निशमनला विचारतो.” सेक्रेटरींनी फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू यावं म्हणून आवाज मोठा केला.

“आग आहे का?” पलीकडून विचारणा झाली.

“नाही.”

“आत माणूस अडकलाय?”

“नाही. माणूस बाहेर अडकलाय.”

“म्हणजे घराबाहेर?”

“नाही, घरात. खोलीबाहेर.”

“तसं तर आम्ही सगळेच आहोत,” पलीकडचा म्हणाला आणि त्याने फोन ठेवला.

एव्हाना घराचं दार उघडं पाहून शेजारी जमायला लागले होते. वरच्या मजल्यावरच्या वहिनी सोफ्यावर बसून म्हणाल्या, की त्यांच्या नणंदेकडे असंच झालं होतं, पण ते न्हाणीघर होतं, आणि शेवटी नणंद आतच निघाली. एकाने बाहेरून लोहचुंबक फिरवायला सांगितलं. एकजण म्हणाला, दाराशी थोडा वेळ गप्प बसून पाहा, आतला माणूस आपण होऊन उघडतो.

“आत कोणी नाहीये,” संपादक म्हणाले.

“मग कडी कोणी लावली?”

हा प्रश्न संपादकांना अपेक्षित नव्हता. तो त्यांनी लेखकांना अनेकदा विचारला होता, पण त्यांना कोणी विचारला नव्हता.

“मी,” ते म्हणाले.

“बाहेरून? आतली कडी? ती कशी?”

ऐकू यावं म्हणून वहिनींनी पंखासुद्धा बंद करायला लावला. संपादकांनी आजवर एवढ्या लोकांना आपल्याकडे एकदम बघताना पाहिलं नव्हतं, आणि यांतल्या एकाही घरात ‘मागावर’ येत नव्हतं, हेही त्यांना ठाऊक होतं.

“ते सांगता येणार नाही,” ते खाली बघत म्हणाले. “अंक शुक्रवारी निघतोय.”

नेमका त्याच वेळी बंद खोलीत फोन वाजायला लागला. सेक्रेटरी दोन पावलं मागे सरले आणि त्यांनी पोलिसांना बोलावलं.

हवालदार समजूतदार होते. त्यांनी पाणी मागितलं, खुर्ची मागितली, वही उघडली.

“आत फोन वाजतोय.”

“माझाच आहे.”

“मग उचलत का नाही?”

“मी बाहेर आहे.”

हवालदारांनी हे लिहून घेतलं. मग त्यांनी जर्सीवरचा नऊ आकडा पाहिला आणि तोही लिहून घेतला. “हे बघा आजोबा. माझ्या सांगण्यावरून दार फोडलं तर सेक्रेटरींचा नियम आड येत नाही. पण मला वहीत कारण लिहावं लागतं. आत कोणी नाही आणि कडी आतून, असं लिहिलं तर साहेब मलाच आत घेतील. कडी कशी लावली तेवढं सांगा, लगेच फोडायला लावतो.”

सुताराने हातोडी उचलली. घड्याळात दोन वाजून गेले होते. चार अक्षरं बोलली असती तर पाच मिनिटांत दार मोकळं होऊन प्रूफं हातात आली असती. संपादकांना कळत होतं, की शहाणा माणूस या वेळी बोलून टाकेल. त्यांना हेही वाटून गेलं, की आपण कदाचित मूर्ख आहोत. ही शंका त्यांना अधूनमधून येतच असे. पण समोर पंधरा माणसं कान टवकारून बसली होती, आणि बाईंनी ती उकल नवव्या पानावर ठेवली होती. पहिली आठ पानं न वाचता नववं पान कोणालाही सांगायचं नसतं. पोलिसांना तर नाहीच. कथेतले पोलीससुद्धा आठ पानं थांबतात.

“नाही सांगणार,” ते म्हणाले.

“मला? पोलिसाला?”

“तुम्हाला वाचायची असेल तर मी अंक पाठवीन. एक प्रत भेट म्हणून.”

“अहो, सांगून टाका ना,” काकू हळूच म्हणाल्या. “मासिक बंद होईल तुमचं.”

“तुलाही नाही सांगणार.”

“मला नकोच आहे ऐकायला. पेटीत बसला होता तेव्हा तरी मी कुठे विचारलं होतं.”

अडीचला मालक आले. चौदा फोन केले होते, एकही उचलला नव्हता, म्हणून घाबरून आले होते. काकांना काही झालं की काय, अशी त्यांची भीती. जिन्यात गर्दी आणि दारात पोलीस बघून त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. मग आत निळ्या जर्सीत काका दिसले आणि भीतीचा राग झाला.

“काका, हे काय चाललंय? प्रूफं कुठायत?”

“आत.”

“मग उघडा.”

“उघडायला कारण पाहिजे,” हवालदार म्हणाले.

“कारण ते सांगत नाहीत,” सेक्रेटरी म्हणाले.

“कारण शुक्रवारी येतंय,” वहिनी म्हणाल्या.

मालकांनी कपाळावर हात मारला. हा सगळा वेळ सुतार दाराशी एकटाच उकिडवा बसला होता. त्याला कोणी काही विचारलं नव्हतं. त्याने चौकटीच्या फटीवरून नख फिरवलं, नाकाशी नेलं, मग पिशवीतून एक पातळ पट्टी काढून फटीत घातली आणि वरपासून खालपर्यंत सरकवत नेली. शेवटी खांदा लावला. चर्र असा आवाज झाला आणि दार उघडलं.

“कडी लागलीच नव्हती,” तो म्हणाला. “रंग चिकटलाय. कधी दिला?”

“मंगळवारी,” काकू म्हणाल्या. “मी यांना म्हटलं होतं, चार दिवस दार ओढून घेऊ नका.”

“मला कधी म्हणालीस?”

“प्रूफं वाचत होता तेव्हा. मान हलवलीत.”

संपादक आत गेले. कडी जागची तसूभरही हलली नव्हती. दोरा मध्येच तुटला होता, त्याचा आतला तुकडा टेबलावरच्या चष्म्याला गुंडाळला गेला होता, आणि चष्मा खाली पडून एक काच तडकली होती. ‘खट्’ आवाज झाला होता तो चष्म्याचा. अशी उकल कोणी कथेत पाठवली असती, तर संपादकांनी दोन पानांचं नम्र पत्र लिहून ती परत केली असती : रंगाचा उल्लेख आधी यायला हवा होता, वाचकावर हा अन्याय आहे.

“म्हणजे,” हवालदार वही मिटत म्हणाले, “इतका वेळ जे तुम्ही सांगत नव्हता, ते झालंच नव्हतं.”

“नाही.”

“मग सांगायचं नव्हतं ते काय?”

मागे कोणीतरी हसलं. माणसाने सगळ्या जगाशी भांडून एक मूठ झाकून ठेवावी आणि उघडल्यावर ती रिकामी निघावी, तसं संपादकांना झालं. सदरा खुर्चीवर हाताच्या अंतरावर पडला होता, पण तो त्यांना दिसलाही नाही.

“जाऊ दे काका,” मालक मऊ आवाजात म्हणाले. “तीन वाजून पाच मिनिटं झालीत. द्या प्रूफं, मी नेतो.”

संपादकांनी प्रूफं उचलली आणि छातीशी धरली. “ही कथा जाणार नाही.”

“का?”

“युक्ती चालत नाही.”

“अहो, वाचणारा काय घरी दोरा घेऊन बसणार आहे? उलट अख्खी इमारत आता ही गोष्ट वाचायला टपलीय. सेक्रेटरीसाहेब दोन अंक घेतो म्हणालेत.”

“एक,” सेक्रेटरी म्हणाले. “दुसऱ्याचा विचार चालू आहे.”

“खाली ‘युक्ती तपासली आहे’ असं छापायचं असतं,” संपादक म्हणाले. “मी तपासली. नापास झाली. मग काय छापू?”

“ती ओळ काढून टाका. कोण वाचतं ती?”

संपादकांचा आवाज चढला. चढला म्हणजे काय, तर मागच्या रांगेला पहिल्यांदा ऐकू आला.

“कोणी वाचत नसेल. मला माहीत आहे. दोन महिने नव्हती तेव्हा कोणी विचारलं नाही. पण त्या ओळीखाली आजवर एकही खोटी कथा गेलेली नाही. मासिक बंद करायचं ना, करा. तुमचं आहे. तीन मिनिटांचे खून काढा, चार मिनिटांचे काढा. पण हा अंक निघेल तो माझ्या हातून निघेल, आणि त्यात हिच्या जागी नऊ पानं कोरी जातील. वर लिहा, संपादकाला जमलं नाही. तेवढं तरी खरं असेल.”

एवढं लांब भाषण त्यांनी आयुष्यात केलं नव्हतं. ते संपल्यावर त्यांना खुर्चीवर बसावं लागलं, ते नेमके सदऱ्यावरच बसले. मालक बहुधा कोऱ्या पानांचा विचार करत होते.

आता बाईंना कळवणं आलं. एरवी संपादक नकार पत्राने कळवत, कारण पत्र उलट बोलत नाही. त्यांनी फोन लावला.

“बाई, ‘मागावर’मधून बोलतोय. कळवायला अतिशय वाईट वाटतं, की आपली कथा—”

“दोरा कुठला घेतलात?” बाईंनी मध्येच विचारलं. पस्तीस वर्षं वर्ग सांभाळलेल्या माणसाचा आवाज सगळ्या खोलीला ऐकू येतो.

“शिवणाचा.”

“मेण लावलं होतं?”

“मेण?”

“पान सात, खालून चौथी ओळ. ‘मेण लावलेला दोरा.’ साधा दोरा लाकडावर घासतो आणि तुटतो. मी माझं दार चौदा वेळा लावून मग पाठवलीय कथा. तेरा वेळा लागलं. एकदा कुरियरवाला आला.”

संपादकांनी प्रुफाचं सातवं पान काढलं. तिथे नुसता ‘दोरा’ होता. मग त्यांनी कपाटातून बाईंच्या हातची मूळ प्रत काढली आणि तडकलेला चष्मा लावून खालून चौथी ओळ शोधली. ‘मेण लावलेला’ हे दोन शब्द तिथे होते. त्यांच्यावरून लाल रेघ मारली होती, आणि समासात संपादकांच्याच सुबक अक्षरात लिहिलं होतं : अनावश्यक.

आयुष्यभर त्यांनी लोकांची विशेषणं कापली होती. मनगटाएवढे खांब, घारीसारखे डोळे, काळाकुट्ट अंधार, सगळं कापलं. त्यांतल्या किती शब्दांना मेण लावलेलं होतं, कोण जाणे.

“बाई,” ते म्हणाले, “चूक माझी आहे. मी ते दोन शब्द काढले.”

“परत घाला,” बाई म्हणाल्या. “आणि दार पुन्हा लावून बघा. मी फोन धरते.”

“धरू नका. फोन आतच ठेवावा लागेल.”

त्यांनी फोन ठेवला आणि उठून सगळ्यांकडे पाहिलं. “मी दोन शब्द खोडले होते, म्हणून हे झालं.”

“म्हणजे कबुली?” सेक्रेटरींनी हवालदारांना विचारलं.

“दोन शब्दांवर कलम नाही,” हवालदार म्हणाले. त्यांनी वही मिटलेली होती, पण गेले मात्र नव्हते.

“काका, चाळीस मिनिटं उरलीत,” मालक म्हणाले. “घाला ते शब्द आणि द्या. बाईंनी तपासलंय ना?”

“बाईंचं दार वेगळं. माझ्याकडे तपासल्याशिवाय नाही.”

काकूंनी न बोलता मेणबत्ती आणून दिली. सुताराने दोऱ्याला मेण चोळून दिलं, आणि दाराच्या कडेवरचा चिकट रंग रंधा मारून काढला. सेक्रेटरींनी तोंड उघडलं, तेव्हा तो म्हणाला, “ठोकायला बंदी आहे, तासायला नाही.” दार आता बोट लावलं तरी झुलत होतं.

“सगळ्यांनी बाहेरच्या खोलीत जा,” संपादक म्हणाले, “आणि पाठ करून उभे राहा.”

“मी ड्युटीवर आहे,” हवालदार म्हणाले.

“मग ड्युटीवर पाठ करा.”

हवालदार वळले. पंधरा माणसं, एक पोलीस, एक मालक आणि एक सेक्रेटरी भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. वहिनी कोपऱ्यातल्या आरशासमोर उभ्या राहिल्या होत्या. संपादकांनी त्यांना खिडकीकडे सरकवलं. या वेळी प्रूफं त्यांच्या काखेत होती. बाकी सगळं, म्हणजे फोन, कपडे आणि खुर्चीवरचा चुरगळलेला सदरा, आतच राहिलं, पण ते त्यांच्या ध्यानात यायला अजून अवकाश होता.

दोरा गुळगुळीत सरकला. आत आवाज झाला, तो पहिल्या आवाजासारखा मुळीच नव्हता. लोखंड लोखंडात जाऊन बसल्याचा, जड आणि निश्चिंत आवाज होता तो.

सुताराने दार ढकललं. हललं नाही. त्याने फटीत पट्टी घातली. ती कडीवर जाऊन अडली. हवालदारांनी खांदा लावला. मालकांनी धावत येऊन धडक दिली आणि खांदा चोळत बसले.

“लागली,” सुतार म्हणाला. “आतून.”

“आत कोणी नाही,” सेक्रेटरी म्हणाले, आणि त्यांनी आपणहून लोकांना मोजलं. सगळे बाहेर होते.

हवालदारांनी वही पुन्हा उघडली. बराच वेळ पेनाने डोकं खाजवलं. मग त्यांनी लिहिलं, आणि लिहिताना मोठ्याने म्हणाले : “दार आतून बंद. आत कोणी नाही. कारण, अंकात पाहावे.”

संपादकांनी त्यांच्याकडून पेन मागून घेतलं, सातव्या पानावर खालून चौथ्या ओळीत दोन शब्द परत घातले, नवव्या पानाच्या तळाशी ती बारीक ओळ आहे ना ते पाहिलं, आणि प्रूफं मालकांच्या हातात दिली.

“जा आता. वीस मिनिटांत पोचाल.”

“पण काका, कशी लागली?”

“तुमच्या हातात आहे.”

मालकांनी झटकन नववं पान उचललं. संपादकांनी त्या पानावर हात ठेवला. तो उचलला नाही.

“पहिल्यापासून.”

मालक जिन्याकडे निघाले. पहिल्या पायरीवर त्यांनी पहिलं पान वर धरलं. तिसऱ्या पायरीवर ते थांबले. मग भिंतीला टेकून उभे राहिले, आणि थोड्या वेळाने हळूहळू खाली बसले. जन्मल्यापासून हे मासिक त्यांच्या घरात येत होतं, आणि त्यांनी त्याची एक ओळ कधी वाचली नव्हती, हे संपादकांना माहीत होतं. ते दोन पायऱ्या वर, नऊ नंबरच्या जर्सीत, उभे राहिले. चारला पाच कमी असताना मालकांच्या खिशात फोन वाजला.

“हो, छापखाना ना?” मालक पानावरची नजर न काढता म्हणाले. “थांबा जरा. नाही, पानं माझ्याकडेच आहेत. अहो, सांगितलं ना थांबा. यंत्र बंद ठेवा अर्धा तास.”

फोन खिशात टाकून त्यांनी मान वर केली.

“काका, त्या नर्सनेच केलं ना?”

“पान उलटा,” संपादक म्हणाले.